पाव गोळी

नेरुळच्या एका सोसायटीत, पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, निवडणुकीनंतर उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर एक भटकी कुत्री व्यायली होती. पाच पिल्लं, नऊ-दहा दिवसांची. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटं दुधाने टम्म. त्यातलं पांढऱ्या पायांचं एक पिल्लू झोपेत आचके देत होतं. आधी मागचा पाय उडाला, मग जबडा हलला, मग मिशांजवळची कातडी थरथरली. स्कूल बसची वाट बघणारी एक मुलगी वाकून बघत होती. "वॉचमनकाका, याला फिट येतेय!" तिच्या आजीनेही पाहिलं, वर गेल्या आणि फिटच्या गोळ्यांची अर्धी पट्टी घेऊन खाली आल्या. घरात कुणाचं तरी औषध बदललं, तेव्हाची उरलेली. "माणसाला एक लागते, तर याला पाव. दुधात कालवून द्या." वॉचमनकाकांनी पट्टी घेतली, चष्मा कपाळावर सरकवून नाव वाचलं, आणि कुत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "आजी, ती बघतेय. आत्ता हात नको घालायला." पट्टी केबिनच्या ड्रॉवरमध्ये गेली. "स्वप्न पडलं असेल हो त्याला," लिफ्टमधून बाहेर पडता पडता कुणीतरी म्हणालं. बस आली. विषय संपला.

पट्टीवर नाव होतं फेनोबार्बिटोन, ६० मिलिग्रॅम.

साधा वजनाचा हिशोब करून पाहा. साठ किलोच्या माणसाला ही एक गोळी म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम. दहा दिवसांचं पिल्लू धरू अर्धा किलोचं. पाव गोळी म्हणजे १५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ३०. माणसाच्या तीसपट. नवजात बाळाला झटके येत असताना अतिदक्षता विभागात शिरेतून जो पहिला मोठा डोस देतात तोही किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमचा असतो, आणि त्या वेळी बाळाच्या श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. पण ही चूक किरकोळ म्हणावी लागेल, कारण ती त्रैराशिकाने दुरुस्त होते. समजा, आजींनी वजन करून, गोळी कुटून, अगदी बेताचा कण दिला असता. तरी पुढचा प्रश्न उरतोच. मोठ्या मेंदूला शांत करणारं औषध त्या मिटलेल्या डोळ्यांमागच्या मेंदूला नक्की काय सांगतं?

फेनोबार्बिटोन स्वतः काही शांत करत नाही. ते गाबा नावाच्या रसायनाचा हात बळकट करतं. गाबा म्हणजे गॅमा अमिनोब्युटिरिक आम्ल. मेंदूत ते आहे हे १९५० मध्ये कळलं, आणि पुढे ते मेंदूतलं मुख्य ब्रेकचं रसायन म्हणून पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. गंमत अशी की ते बनतं ग्लुटामेटपासून, आणि ग्लुटामेट हा मेंदूचा अ‍ॅक्सिलरेटर. चायनीजच्या गाडीवर चिमूटभर पडतं तेच हे ग्लुटामेट. त्याच्यातून एक कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की गाबा. हे काम करणाऱ्या एन्झाइमला बी-६ जीवनसत्त्व लागतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांच्या एका तयार दुधात उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट झालं होतं, आणि ते दूध पिणाऱ्या बाळांना झटके येऊ लागले. बी-६ दिलं की थांबत. म्हणजे नवजात मेंदूलाही गाबा हवाच असतो, तो नसला की बिघडतं. मग त्या मेंदूत तो ब्रेकच असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

इथे नवी मुंबईतलं एक उदाहरण फार कामाला येतं. या शहराचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने खाडीलगत होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून ठेवणारी तळी, बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. ओहोटीला तळ्यातली पातळी वर, खाडीतली खाली; झडप उघडते, पाणी बाहेर जातं. भरतीला उलट, तेव्हा झडप मिटायला हवी. ती अडकून उघडी राहिली तर खाडीच आत येते. झडप तीच, भोक तेवढंच. पाणी कुठे जाणार हे झडप ठरवत नाही, दोन्हीकडच्या पातळ्या ठरवतात. गाबाचा रिसेप्टर ही अशीच झडप आहे. गाबा येऊन चिकटला की ती उघडते आणि तिच्यातून मुख्यतः क्लोराइड ये-जा करतं. मोठ्या झालेल्या न्यूरॉनमध्ये क्लोराइड कमी असतं, म्हणून ते बाहेरून आत शिरतं. ते ऋणभारित असल्यामुळे पेशी आणखी ऋण होते, गप्प बसते. कोवळ्या न्यूरॉनमध्ये मात्र क्लोराइड भरून ठेवलेलं असतं. झडप उघडली की ते बाहेर पळतं आणि पेशी उठून बसते.

आकड्यांत हे फार स्वच्छ दिसतं. पेशीबाहेर क्लोराइड साधारण १३० मिलिमोलर (हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप) धरू. आत ७ असेल तर ३७ अंशांना समतोलाचा व्होल्टेज, म्हणजे ज्यावर क्लोराइडची ये-जा बरोबरीत सुटते तो, येतो उणे ७८ मिलिव्होल्ट. आत २५ असेल तर उणे ४४. विश्रांतीतली पेशी असते उणे ७०च्या आसपास. एका बाबतीत गाबा तिला खाली ओढतो, दुसऱ्या बाबतीत वर ढकलतो. फरक केवळ मिठाचा. आणि हे मीठ कुणी भरलं? पेशीच्या भिंतीतले दोन वाहक. एनकेसीसी-१ हा सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे एकदम आत आणतो; केसीसी-२ हा एक पोटॅशियम आणि एक क्लोराइड बाहेर काढतो. जन्माच्या वेळी उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत पहिला जोरात असतो आणि दुसरा जेमतेम हजर. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत पारडं फिरतं. माद्यांमध्ये नरांपेक्षा थोडं आधी, आणि मेंदूच्या बुंध्याकडे सालीपेक्षा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरापेक्षा, बरंच आधी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पॅरिसमध्ये येहेज्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे उंदराच्या नवजात पिल्लांत दाखवलं. पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, विजेच्या मोठमोठ्या सामुदायिक लाटा आपोआप उठत होत्या. मोठ्या उंदराच्या मेंदूच्या पातळ, जिवंत ठेवलेल्या कापावर गाबाला अडवणारं बायक्युक्युलिन टाकलं तर ब्रेक सुटून आकडी सुरू होते. इथे ते टाकल्यावर लाटाच बंद पडल्या. ज्याला ब्रेक समजत होते तोच पॅडल मारत होता. केसीसी-२ची बाजू पुढे १९९९ मध्ये क्लाउडिओ रिव्हेरा, काई काइला आणि त्यांच्या फिनलंडमधल्या गटाने पुढे आणली.

मेंदूने हा उलटा कारभार का मांडावा? कोवळ्या न्यूरॉनवर आधी गाबाचे जोड तयार होतात, ग्लुटामेटचे मागाहून. शिवाय ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या दाराला मॅग्नेशियमचं बूच असतं. पेशी थोडी उठल्याशिवाय ते बूच निघत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ते काढण्याचं काम गाबा करतो. मग कॅल्शियम आत शिरतं, आणि कॅल्शियम ही वाढीची मजुरी आहे. ती मिळाली तर फांद्या फुटतात. उंदरांच्या मेंदूत केसीसी-२ वेळेआधीच घालून पाहिलं, म्हणजे गाबाला लवकर शहाणं केलं, तेव्हा त्या पेशींच्या फांद्या खुरटल्या. लवकर शहाणं होण्याची किंमत पेशींनाही पडते.

एवढं नीटनेटकं सांगितलं की ते खोटं वाटायला लागतं, आणि थोडं तसं आहेही. हे मोजण्याची रीत पाहिली की का ते कळतं. पाच-सहा दिवसांच्या पिल्लाचा मेंदू पाणीदार असतो. नीट न बसलेला खरवस सुरीने कापून पाहा, तसा तो व्हायब्राटोमच्या, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्राच्या, थरथरत्या पात्याखाली सरकतो. म्हणून मागे अगारोजचा, म्हणजे घट्ट जेलीसारख्या पदार्थाचा, ठोकळा टेकू म्हणून चिकटवतात, पातं अगदी सावकाश पुढे नेतात आणि ३०० ते ४०० मायक्रॉनचे काप घेतात. काप ज्या पाण्यात जगतात त्यात सोडियम क्लोराइड १२६, पोटॅशियम क्लोराइड ३.५, बायकार्बोनेट २५, ग्लुकोज ११ मिलिमोलर, शिवाय थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम. ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आधी सोडायचे, कॅल्शियम मागाहून घालायचं. उलट केलं की पीएच चढलेला असतो, कॅल्शियमचा साका बसतो आणि पाणी दुधाळ होतं. नवशिक्याचा पहिला आठवडा या दुधाळ पाण्यातच जातो. ते गाळून वापरायचा मोह होतो. वापरू नये, कारण गाळलेल्या पाण्यात कॅल्शियम किती उरलं ते कुणालाच माहीत नसतं.

खरी मेख पुढे आहे. पेशीच्या आतलं क्लोराइड मोजायचं, तर काचेची बारीक पिपेट लावून भिंत फोडायची ही नेहमीची पद्धत. पण भिंत फुटली की पिपेटमधलं मीठ पेशीत उतरतं आणि जे मोजायला आलो तेच पुसलं जातं. त्यावरचा तोडगा म्हणजे ग्रॅमिसिडिन. हे प्रतिजैविक भिंतीत इतकी अरुंद भोकं पाडतं की त्यांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड नाही. पिपेटच्या टोकाला आधी साधं द्रावण भरायचं, ग्रॅमिसिडिनचं मागून, कारण ते टोकाला असलं तर भिंतीशी घट्ट सील होत नाही. मग वीस ते चाळीस मिनिटं नुसतं बसायचं. द्रावण ताजं लागतं, दोन-तीन तासांत त्याची धार जाते. आणि सगळं जमलं तरी भिंत मध्येच गुपचूप फुटू शकते. म्हणून पिपेटमध्ये मुद्दाम भरपूर क्लोराइड ठेवतात: फुटली की समतोलाच्या व्होल्टेजचा आकडा एकदम शून्याकडे उडी मारतो आणि चोरी पकडली जाते. ही युक्ती मला फार आवडते. आपली चूक ओरडून सांगेल अशी सोय आधीच करून ठेवायची.

तरी वाद मिटले नाहीत. काप घेताना जखमी झालेल्या पेशी स्वतःच क्लोराइड साठवतात, मग दिसतो तो बालपणाचा गुण की पात्याचा? त्याची उत्तरं जिवंत पिल्लांत शोधली गेली. २०१५ मध्ये नवजात उंदरांच्या मेंदूच्या सालीत पाहिलं तर गाबा एकेका पेशीला वर ढकलत होता खरा, पण अख्ख्या जाळ्याचा कलकलाट कमीच करत होता. हे परस्परविरोधी वाटतं, पण तसं नाही. झडपा उघड्या असल्या की पेशी भोकं पडलेल्या घागरीसारखी होते. दुसरीकडून आलेला प्रवाह टिकतच नाही, गळून जातो. थोडं उठवणं आणि मोठ्याने उठू न देणं, दोन्ही एकाच हाताने. त्यामुळे "बाळाच्या मेंदूत गाबा उलटा असतो" हे वाक्य कुणी ठोकून देतं तेव्हा मान हलवण्याआधी विचारावं: मेंदूचा कुठला भाग, कितवा दिवस, पेशी की जाळं?

कितवा दिवस, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. काही प्रयोगशाळा जन्माचा दिवस शून्य धरतात, काही एक. चार-पाच दिवसांत पालटणाऱ्या गोष्टीत एका दिवसाची तफावत म्हणजे सगळा गोंधळ. शिवाय एकाच वीणेची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र पुरावे नव्हेत. ती एका आईची, एका दुधाची आहेत. वीण मोठी असली तर दूध वाटून कमी पडतं. उंदराच्या नवजात पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की प्यायलेलं दूध पोटात पांढऱ्या पट्ट्यासारखं बाहेरून दिसतं. सकाळी आधी तो पट्टा बघायचा. तो नसेल तर त्या पिल्लाच्या मेंदूची रसायनं त्याच्या भुकेविषयी जास्त सांगतील, वयाविषयी कमी.

ग्लुटामेटच्या बाबतीतही वयाचा हिशोब वेगळा निघतो. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांच्या कातडीखाली मोनोसोडियम ग्लुटामेट मोठ्या मात्रेत टोचलं, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या एका भागातल्या पेशी मेल्या. (गाडीवरच्या नूडल्सचा याच्याशी संबंध जोडू नये. टोचणं आणि खाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.) पण पाव गोळीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं पुढे आलं: सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना फेनोबार्बिटोन आणि त्याच्यासारखी फिटची औषधं दिली तर मेंदूतल्या पेशी मोठ्या संख्येने आपणहून मरण्याच्या वाटेला लागतात, असं २००२ मध्ये दिसलं. त्या वयात पेशीला जगण्यासाठी थोडा गलबला लागतो. फार शांतता झाली की ती समजते, आपलं इथे काही काम नाही.

माणसाच्या बाळाचं काय? तिथे झटके खरे असतील तर उपचार करावाच लागतो, आणि फेनोबार्बिटोन आजही पहिल्या फळीत आहे. पण डॉक्टरांना एक विचित्र अनुभव येतो: औषध दिल्यावर हातपाय उडायचे थांबतात, आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, मात्र झटके चालूच असतात. मेंदूचा बुंधा आणि मज्जारज्जू आधी पिकतात, साल मागाहून, हे त्याचं एक कारण मानलं जातं. खालचे गप्प होतात, वरचे होत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, लागू पडलं. श्वासाची सूत्रंही त्या खालच्या, आधी पिकलेल्या भागातच आहेत. पार्किंगमधल्या दुधाच्या वाटीत खरा धोका तिथे होता. क्लोराइड आत आणणारा वाहकच बंद करावा म्हणून ब्युमेटॅनाइड हे लघवीचं औषध बाळांना फेनोबार्बिटोनसोबत देऊन पाहिलं. युरोपातली ती चाचणी थांबवावी लागली, २०१५ मध्ये निकाल छापून आला. काही बाळांची ऐकण्याची शक्ती गेली होती. एनकेसीसी-१ कानाच्या आतल्या द्रवाचं मीठही सांभाळतो. शिवाय हे औषध रक्तातून मेंदूत शिरतंही जेमतेमच. कागदावर इतकी देखणी दिसलेली कल्पना अशी दोन्हीकडून अडली.

निसर्गाने मात्र एकदा, काही तासांपुरती, ही कळ फिरवून ठेवली आहे. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात वाढणारं ऑक्सिटोसिन उंदराच्या गर्भाच्या मेंदूत पोचतं आणि तिथलं क्लोराइड तात्पुरतं खाली आणतं. २००६ मध्ये हे दाखवलं गेलं. तेवढ्या वेळात गाबा पेशींना गप्प करतो, प्राणवायू कमी पडला तरी नुकसान कमी होतं. मग पिल्लू बाहेर येतं, आणि गाबा पुन्हा आपल्या बालिश वागण्यावर जातो.

आता त्या पायाकडे.

तो आचका म्हणजे फिट नव्हती आणि स्वप्नही नव्हतं. पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ चळवळत्या झोपेत असतात. त्या झोपेत मेंदूच्या बुंध्यातून सुटे सुटे आदेश निघतात: एक पाय, एक मिशी, जबडा. नवजात उंदरांत मोजलं तर प्रत्येक आचक्यानंतर त्या अवयवाची खबर वर सालीपर्यंत जाते आणि तिथे विजेचा एक छोटा झुबका उठतो. जागेपणीच्या हालचालींची खबर त्या वयात अशी ठळक उमटत नाही. झोपेत, सगळं सामसूम असताना, एकेका तारेची चाचणी घेत वायरमन "हा कुठला? आणि हा?" विचारतो, तसं ते चाललेलं असतं. पिल्लं सांभाळणारी माणसं उलट आचके नसतील तर काळजी करतात. ओळखायची खूणही साधी आहे. आचका विस्कळीत असतो, अंग सैल असतं, पिल्लाला उचललं की ते जागं होऊन आचळ शोधू लागतं. फिटमध्ये अंग ताठ होतं, मान मागे जाते, पाय एका तालात सायकल मारतात, आणि हात लावून काही फरक पडत नाही. तेव्हाही पहिला संशय थंडीवर आणि उपाशीपोटावर घ्यावा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध नंतर. गार पिल्लाचं आतडं हलत नाही आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग डॉक्टरकडे.

डोळ्यांचंही असंच. पापण्या मिटलेल्या असतानाच रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, विजेच्या लाटा उठतात, दिसण्याची रंगीत तालीम म्हणावी तशा. उंदराच्या पिल्लात पहिल्या आठ-दहा दिवसांत या लाटा असिटिलकोलीन नावाचं आणखी एक निरोप्या रसायन चालवतं. मग ते काम ग्लुटामेट हातात घेतं आणि डोळे उघडेपर्यंत, आणखी तीन-चार दिवस, करतं. नाटक तेच, मधल्या अंकात नट बदललेला. कुत्र्याच्या पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात.

तेराव्या दिवशी पांढऱ्या पायांच्या त्या पिल्लाच्या डाव्या डोळ्याला कोपऱ्याकडून फट पडली होती, आत धुरकट निळं काहीतरी. बसच्या आधी मुलगी आली, तिने त्याच्यासमोर बोट फिरवून पाहिलं. पिल्लू बोटाकडे वळलं नाही. नाक वर करून आईच्या दिशेने सरकलं आणि अर्ध्या वाटेत झोपलं. मागचा पाय उडाला. "काका, परत," ती म्हणाली, पण या वेळी हळू आवाजात. काकांनी ड्रॉवर उघडला, रजिस्टर काढलं, पट्टी बाजूला सारली आणि दुधाच्या गाडीचा नंबर लिहायला घेतला.